काठमांडूतलं अनाथालय आणि कागदावरचे अनाथ

परदेशात जाऊन स्वयंसेवा करायची, त्यातही नेपाळमध्ये लहान मुलांसोबत काम करायचं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचावं. माझे पैसे गेले त्याचा राग आहेच. पण ज्या कारणासाठी ते मागितले गेले ते कारणच खोटं होतं, आणि त्या खोट्यापायी काही मुलं आपल्या जिवंत आई-वडिलांपासून लांब ठेवली गेली आहेत, हे मला जास्त छळतं.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत हातून काही काम व्हावं म्हणून एका एजन्सीमार्फत काठमांडूला गेले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून एजन्सीचं आणि त्या संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. जाहिरातीत दोन कामं होती. आधी काठमांडूच्या एका अनाथालयात मुलांना शिकवायचं, मग चितवनला जंगल संवर्धन. नोंदणी, प्रकल्प शुल्क, राहणं-जेवण, प्रमाणपत्र असं सगळं धरून सत्तर हजारांच्या आसपास घेतले, विमानभाडं वेगळं. चितवनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका रिसॉर्टच्या आवारात रोपं लावून घेतली, फोटो काढले, संपलं. तिथलं खरं संवर्धन राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या गावांतले लोक आपापल्या वन समित्यांमधून करतात. त्यांच्यापैकी एकाशीही आमची गाठ घालून दिली नाही.

अनाथालयाचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

तिथे युरोपातून आलेली तरुण मुलंमुली होती, आणि मी. आमच्यात फरक एवढाच की मला नेपाळी थोडीफार समजत होती आणि वाचता येत होती. लिपी आपलीच, हिंदी तिथल्या मुलांना टीव्हीमुळे येते. व्यवस्थापकाला हे सोयीचं वाटलं. देणगीदारांना पाठवायला प्रत्येक मुलाची माहिती इंग्रजीत हवी होती, म्हणून त्याने फायलींचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. प्रत्येक फाइलमध्ये वडा कार्यालयाचं शिफारसपत्र होतं. वडा म्हणजे आपल्याकडचा प्रभाग समजा. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की दरड कोसळून मुलीचे आई-वडील दोघंही गेले, सांभाळणारं कोणी नाही. दुसऱ्या फाइलमध्ये तेच वाक्य. तिसरीतही तेच. गावं वेगळी, वडा क्रमांक वेगळे, पण अक्षर एकाच माणसाचं आणि तारीखही एकच. सही करणाऱ्याने एका पत्रात मुलाचं नाव घालताना आधीच्या मुलीचं नाव खोडलेलं स्पष्ट दिसत होतं.

त्याच आठवड्यात भाइटीका आली. तिहार म्हणजे त्यांची दिवाळी, आणि शेवटचा दिवस भाइटीकेचा, आपली भाऊबीज. बहीण उंबऱ्यावर अक्रोड फोडते, भावाच्या कपाळावर सात रंगांचा टिळा लावते, गळ्यात मखमली फुलांची माळ घालते. दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, आणि तिहारला नेपाळातली शाळकरी मुलं घरी असतात. या मुलांना मात्र पाहुण्यांसमोर ओळीने बसवलं होतं, मुलींनी आम्हा स्वयंसेवकांना टिळे लावायचे आणि समोर कॅमेरा. कार्यक्रम आटोपल्यावर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "दिदी, माझ्या भावाला आज कोण टिळा लावेल?" तो कुठे असतो विचारलं तर म्हणाली, घरी. घरी आई आहे, बाबा आहेत, आजी आहे, शेळ्या आहेत. बाबा पावसाळ्यात एवढ्या लांबून बस बदलत बदलत आले होते, पण फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. हे सांगताना तिने दोनदा मागे वळून कोणी ऐकत नाही ना हे पाहिलं. कागदावर तिचे दोन्ही पालक दरडीखाली गेलेले होते.

हे एका संस्थेपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. नेपाळात हा धंदा जुना आहे. माओवादी संघर्षाच्या काळात, १९९६ ते २००६ या वर्षांत, कर्णालीतल्या हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलाल मुलं खाली आणायचे. चांगल्या शाळेत घालतो, मुलगा सुरक्षित राहील, असं सांगून आई-वडिलांकडूनच पैसे घ्यायचे आणि खोटे कागद करून मुलाला अनाथ ठरवायचे. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर जगभरातून मदत आणि स्वयंसेवक येऊ लागले, तेव्हा पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला बंदी घालावी लागली होती. आजही तिथली बहुतांश बालगृहं काठमांडू, ललितपूर, कास्की, चितवन अशा पर्यटकांच्या मोजक्या जिल्ह्यांत आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. गरज डोंगरात असते आणि बालगृह विमानतळाजवळ, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. नेपाळच्या २०१८ च्या बालबालिका कायद्यानुसार बालगृह हा शेवटचा पर्याय आहे. आधी नातेवाईक, मग दुसरं कुटुंब. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही २०१९ च्या बालहक्क ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेमुळे मुलांची तस्करी होऊ शकते हे नोंदवलं आहे.

पैसे कसे काढतात तेही सांगते. भारतीय शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ होतात, हा दर ठरलेला आहे. तरी आमच्याकडे मागणी कायम डॉलरमध्ये व्हायची. एकदा व्यवस्थापक आम्हाला कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेला, मुलांसाठी तांदूळ, तेल, डाळ घ्यायला लावली. फोटोसाठी आम्ही तांदळाच्या पोत्यावर मार्करने आपापली नावं लिहिली. दोन दिवसांनी साबण आणायला त्याच दुकानात गेले तर तेच पोतं आमच्या नावांसकट पुन्हा विक्रीला ठेवलेलं. इकडे मुलं पातळ डाळ-भात खात होती. कोठीच्या खोलीत देणगीतली दप्तरं प्लास्टिकसकट रचून ठेवली होती आणि मुलं फाटक्या पिशव्या घेऊन शाळेत जात होती. नीटनेटकी, धडधाकट दिसणारी मुलं पाहून कोणी देणगी देत नाही, म्हणून त्यांना तसंच ठेवायचं.

मी विचारल्यावर व्यवस्थापकाने एजन्सीकडे बोट दाखवलं. एजन्सीने आधी माझा गैरसमज झालाय म्हटलं, मग 'प्रकल्पाच्या स्वरूपात बदल करण्याचा अधिकार राखीव' ही अट दाखवून हात वर केले. एक रुपया परत मिळालेला नाही. काठमांडूत राष्ट्रिय बाल अधिकार परिषदेकडे लेखी अर्ज दिला, त्याची पोच माझ्याकडे आहे. परत आल्यावर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आणि पुढे जिल्हा आयोगात गेले. पैसे ऑनलाइन भरले असतील आणि समोरचा गायबच झाला असेल तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करा, उशीर केला तर रक्कम अडवणं कठीण होतं.

जाण्याआधी एक गोष्ट पाहा: तुमच्याबद्दल ते काय विचारतात. मला कोणीही पोलिस पडताळणी मागितली नाही, शिक्षिका असल्याचा पुरावा मागितला नाही. पैसे आले की मुलांच्या खोलीपर्यंत थेट प्रवेश. आपल्याकडे बालगृहात मूल ठेवायला बालकल्याण समितीचा आदेश लागतो आणि कुणाही अनोळखी माणसाला तिथे मुक्काम करता येत नाही. जी गोष्ट नाशिक-सोलापुरात चालणार नाही, ती काठमांडूत का चालावी? भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, म्हणून 'कागदपत्रांची कटकट नाही' हे आपल्याला खास सांगितलं जातं. इतर देशांतले लोक तर पर्यटक व्हिसावर येतात, आणि त्यावर बिनपगारी कामही करता येत नाही. नेपाळ सरकारच्या समाज कल्याण परिषदेशी संस्था संलग्न आहे का, किती मुलांना गेल्या वर्षी घरी पोचवलं, शुल्कातले किती पैसे नेपाळात पोचतात, हे लेखी विचारा. चांगल्या संस्था मुलांना गावी परत नेण्याचं काम करतात, आणि त्या कामाला सुट्टीत आलेले पाहुणे लागत नाहीत. शिक्षकांना शिकवण्याची इच्छा असेल तर तिथल्या शिक्षकांसोबत काम होऊ शकतं, मुलांना दर पंधरवड्याला नवी दिदी आणि तिचा निरोप सोसावा लागत नाही.

आणि आत्ता कोणी तिथे असेल आणि शंका आली असेल, तर व्यवस्थापकाला जाब विचारू नका, कारण मुलांना रातोरात दुसरीकडे हलवू शकतात. मुलांचे फोटो कुठेही टाकू नका. मूल जे सांगेल ते गाव, जिल्हा, वडा क्रमांक, भावंडांची नावं अशी आठवणीने लिहून ठेवा, आणि बाहेर पडून १०९८ वर फोन करा. आपल्यासारखाच नेपाळातही बाल हेल्पलाइनचा हाच क्रमांक आहे.