विषाणूनाशक लेप: सिलेन, पीईआय की एन-हॅलामीन?

भोसरी-चाकण पट्ट्यात कोटिंगचं छोटं युनिट असेल आणि दवाखान्यांसाठी टिकाऊ विषाणूनाशक लेप काढायचा असेल, तर निवडण्याजोगी रसायनं तीन: सिलेन-क्वाट, पीईआय आणि एन-हॅलामीन. कोणतं जास्त मारतं हे नंतर बघू. रोजच्या फडक्याखाली कोणतं टिकतं ते आधी बघा. बहुतेक लेप तिथेच हरतात.

सिलेन-क्वाट (पृष्ठभागाला धरणारं सिलेन आणि विषाणू मारणारा क्वाटर्नरी अमोनियम भाग, एकाच रेणूत) बनवायला सगळ्यात सोपं. तयार रसायन मिथेनॉलमध्ये मिळतं, पाण्यात साधारण 0.5 ते 1 टक्क्याचं करून लावायचं. काच, सिरॅमिक, ऑक्साइडचा थर असलेला धातू यांना ते रासायनिक बंधाने धरतं. लॅमिनेट किंवा पॉलिप्रॉपिलीनवर धरायलाच काही नसतं, त्यामुळे चार धुण्यांत उतरतं. पाण्यात पडलं की रेणू हळूहळू एकमेकांनाच जोडले जातात. म्हणून पीएच 4-5 ठेवा, लागेल तेवढंच कालवा आणि गढूळ झालं की टाकून द्या. पृष्ठभाग आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेलकट बोटांचे ठसे राहिले तर तेवढी जागा कोरीच राहते.

अल्किल म्हणजे कार्बनची साखळी जोडलेलं पीईआय (पॉलिएथिलीनइमाइन हा पॉलिमर) ब्युटेनॉलमध्ये विरघळवून रंगासारखं लावता येतं, प्लॅस्टिकवरही बसतं. असा लेप इन्फ्लुएन्झाचा विषाणू निष्क्रिय करतो, हे 2006 मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या गटाने दाखवलं. पण बनवताना आयोडोमिथेन वापरावं लागतं. ते विषारी आणि उडून जाणारं, त्यामुळे फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट) नसलेल्या शेडमध्ये हा नाद करू नये.

या दोघांची दुखरी नस एकच: ज्या धनभाराने (पॉझिटिव्ह चार्ज) ते मारतात, तोच. भांड्यांच्या लिक्विडमधला ऋणभारी साबण त्यावर बसला, की लेप जागेवर असूनही निकामी होतो. धूळ-घामाचा थरही तेच करतो. सिलेन-क्वाटचा तर बाहेरचं स्निग्ध आवरण नसलेल्या नोरोव्हायरसवर (उलट्या-जुलाबाचा विषाणू) भरवसा धरू नये.

एन-हॅलामीनचं (नायट्रोजनला क्लोरीन जोडलेलं संयुग) तसं नाही. त्यातला क्लोरीन ऑक्सिडीकरणाने मारतो, म्हणून आवरण नसलेले विषाणूही सुटत नाहीत. क्लोरीन संपला की सोडियम हायपोक्लोराइटने (ब्लीच, म्हणजेच हायपो) पुसून पुन्हा भरायचा. 5 टक्क्यांचं हायपो 20 मिलि आणि पाणी 980 मिलि, म्हणजे 0.1 टक्का. दवाखान्यात हे पुसणं रोजचंच असतं, त्यामुळे जी सफाई इतर लेपांना झिजवते तीच याला भरते. पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चची ओली पट्टी टेकवली आणि निळी-जांभळी झाली, तर क्लोरीन शिल्लक आहे (आधी पृष्ठभाग साध्या पाण्याने पुसा, नाहीतर उरलेलं हायपोच पट्टी रंगवेल). तोटे: उन्हात क्लोरीन लवकर उतरतो, आणि हायपोने स्टीलला खड्डे पडतात.

म्हणून बाकाच्या प्लॅस्टिकला, पडद्यांना एन-हॅलामीन. काचेला, स्टीलच्या मुठींना सिलेन. स्टीलवर मात्र रोज हायपो नको, साबणही नको.

'99.9 टक्के विषाणू नष्ट' असं छापलेला अहवाल हाती आला तर पद्धत वाचा. आयएसओ 21702 या पृष्ठभागांच्या विषाणूनाशक चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात 50 मिमी चौकोनी नमुन्यावर 0.4 मिलि विषाणूद्रव टाकून, वर फिल्म झाकून, 25 अंशांवर 24 तास ओलं ठेवतात. मुठीवर पडलेला शिंतोडा पुण्याच्या उन्हाळ्यात काही मिनिटांत सुकतो. त्यामुळे ग्राहकाला नेण्याआधी स्वतःची चाचणी लावा: नमुना ओल्या फडक्याने ठरलेल्या वजनाखाली घासायचा, मग थेंब टाकून उघडाच सुकू द्यायचा. त्यासाठी पाषाणच्या विषाणू संस्थेसारखी बीएसएल-4 (सर्वात घातक विषाणूंसाठीची, सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा) सोय लागत नाही. आवरण असलेला फाय-6 आणि नसलेला एमएस-2 हे जिवाणूभक्षी (फक्त जिवाणूंना लागणारे विषाणू) साध्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत चालतात. नमुना घासण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे मागा.