ऑपरेशन नीट झालं, लुबाडलं ते नंतर

स्तनांच्या इम्प्लांट सर्जरीचे २,४०,००० रुपये दिले, त्याबद्दल तक्रार नाही. मला लुटलं ते टाके सुकत असताना. 'आफ्टरकेअर पॅकेज' ४८,५०० आणि 'आजीवन वॉरंटी' २२,०००. एकूण ७०,५००. घोडबंदर रोडवरच्या त्या क्लिनिकची कोऑर्डिनेटर हे पैसे स्वतःच्या नंबरवर जीपेने घेते. डॉक्टर आता म्हणतात, पॅकेजशी आमचा संबंध नाही.

वयात आल्यापासून माझी एक बाजू लहान होती, म्हणून सर्जरी केली. हौसेने केली असती तरी फसवायचा परवाना कुणाला मिळत नाही. सासूबाईंना 'गाठ काढली' एवढंच सांगितलेलं. त्यामुळे रात्री काही दुखलंखुपलं तर विचारायला ती एकच बाई. मिनिटात उत्तर यायचं, "ताई, मी आहे ना." यांचा धंदा आपल्या या लपवाछपवीवरच चालतो.

दुसऱ्या आठवड्यात छाती कडक, वर चढल्यासारखी दिसत होती. निपल बधिर, मधूनच करंट लागल्यासारखी चमक. तिने फोटो मागवले आणि लिहिलं, "कॅप्सूल आवळायला लागलंय. मशीन थेरपी घेतली नाही तर इम्प्लांट काढावं लागेल." हे वाचून कोण पैसे भरणार नाही?

सगळं खोटं होतं. सुरुवातीला सूज असते, स्नायू ताठ असतात, इम्प्लांट वर दिसतं. खाली बसायला तीन ते सहा महिने लागू शकतात. बधिरपणा, झिणझिण्या पुष्कळजणींना येतात, नसा सावरायला वेळ घेतात. कॅप्सूल म्हणजे इम्प्लांटभोवतीचं पातळ आवरण, ते प्रत्येकीच्याच शरीरात तयार होतं. ते आवळणं हा त्रास खरा आहे, पण तो बहुधा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी होतो, आणि जास्त आवळलं तर इलाज ऑपरेशनच. मशीन फिरवून ते विरघळत नाही. हे मला दुसऱ्या सर्जनकडे जाऊन कळलं.

गेले तेही का, तर डावी बाजू लाल झाली, ताप चढला आणि बाईचा मेसेज आला, "नॉर्मल आहे ताई, एक सेशन वाढवू." इन्फेक्शन होतं. एकाच बाजूला अचानक सूज, वाढतं दुखणं, लाली, ताप, पू यातलं काहीही दिसलं तर मेसेज करत बसू नका, त्याच रात्री सर्जन गाठा.

वॉरंटी कार्ड आठवलं की अजून डोकं फिरतं. चकचकीत, सोनेरी किनार, माझं नाव छापलेलं, आणि सीरियल नंबरच्या रकान्यात पेनाने 'रेकॉर्डप्रमाणे'. तिथेच कळायला हवं होतं! पण अंगात ड्रेनची नळी लावलेली, पेनकिलरची गुंगी. अशा वेळी कोण कार्ड तपासतं? इम्प्लांटच्या खोक्यात लॉट आणि सीरियल नंबरचे स्टिकर असतात. ते डिस्चार्जआधीच मागून घ्या. फुटलं तर बदलून देण्याची हमी अनेक कंपन्या स्वतःच देतात, आणि ती नंबरावर चालते. २०१९ मध्ये एका कंपनीचे खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले. नंबर नसेल तर आपलं त्यातलं आहे की नाही हे कळणार तरी कसं?

पोलीस ठाण्यात गेले. "मॅडम, तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, सिव्हिल मॅटर आहे." मग भरल्या खोलीत फोटो दाखवायला सांगितले. लेडी कॉन्स्टेबल मागितली तर "उद्या या". दुसऱ्या एका कार्यालयात म्हणे, बाई डॉक्टर नाही, आमच्या कक्षेत येत नाही. डॉक्टरांविरुद्ध द्या म्हटलं, तर पावतीवर डॉक्टरांचं नाव कुठे आहे? फसवणारे पावतीवर नाव लिहून देतात का! एक टेबल दुसऱ्याकडे ढकलतं आणि ती बाई आजही नवीन पेशंट घेते. माझे फोटो तिच्या फोनमध्ये आहेत, हे तर कुणाला ऐकूनच घ्यायचं नाही.

पैसे फक्त हॉस्पिटलच्या खात्यावर. फोटो पाठवायचाच तर सर्जनला, चेहरा न दिसता. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, हे आधी बघा. लेखी मागितल्यावर ७२ तासांत केस पेपर देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मी अर्ज देऊन पोच घेतली आहे, पेपर अजून नाहीत. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. माझी तक्रार ऑनलाइन दाखल केली आहे. घोडबंदरला कुणी असं 'पॅकेज' घेतलं असेल तर चॅट डिलीट करू नका, जीपेचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला कळवा. नाव बाहेर येणार नाही.