लेबल नसलेली डबी

आजीच्या डाव्या मनगटाच्या वर हिरवट पडलेली एक तुळस होती. खाली वृंदावनाचा चौकोन, वर तीन फांद्या, भोवती सात ठिपके. लग्नाआधी जत्रेत गोंदवून घेतलेली. मेल्यावर बाकी दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं ती म्हणायची. तिच्या वर्षश्राद्धानंतर मी तीच तुळस, तेवढीच, त्याच जागी काढून घ्यायचं ठरवलं. गेल्या पावसाळ्यातली ही गोष्ट. पुण्यात टॅटू काढायला निघालेल्या कुणाच्या तरी हे वेळेत वाचनात यावं म्हणून सगळं लिहिते आहे.

स्टुडिओ मी निष्काळजीपणे निवडला नव्हता. हातमोजे नवे घालतात का, सुई सीलबंद पाकिटातून आपल्यासमोर काढतात का, शाई छोट्या नव्या कपात ओततात का, हे सगळं पाहिलं होतं आणि त्यात कुठेही खोट नव्हती. टॅटू काढणाऱ्या मुलाचा हातही चांगला होता. आजीच्या जुन्या फोटोवरून त्याने दीड तासात तुळस जशीच्या तशी उतरवली. टॅटूचे ६,००० रुपये घेतले, त्याचं बिल दिलं. फसवणूक सुरू झाली ती मशीन बंद झाल्यावर, आणि तिकडे माझं लक्षच नव्हतं.

"ताई, अर्धं काम खुर्चीत होतं, अर्धं घरी," तो म्हणाला. हे खरंच आहे. मग त्याने ‘आफ्टरकेअर किट’ पुढे केलं. एक पांढरी प्लास्टिकची डबी, त्यात ‘इम्पोर्टेड टॅटू बटर’, आणि ‘सेकंड स्किन’ नावाचे पारदर्शक कागद. किंमत ३,२०० रुपये. मेडिकलमधलं काहीही लावलं तर रंग ओढला जातो, आणि किट घेतलं नाही तर टच-अपची, म्हणजे पुसट भाग पुन्हा भरून देण्याची, गॅरंटी राहत नाही, असं दोनदा सांगितलं. पैसे मात्र स्टुडिओच्या खात्यावर न घेता दुसऱ्याच एका नंबरवर जीपे करायला लावले. किटचं बिल नाही. डबीवर कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही, काहीच नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख मी वाचून घेते, आणि उघड्या जखमेवर लावायची वस्तू कोरी घेऊन आले.

सूचना अशा होत्या: दिवसातून चार वेळा जाड थर लावायचा, वर कागद गुंडाळायचा, आठवडाभर उघडं ठेवायचं नाही. काही वाटलं तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा. डॉक्टरकडे जाऊ नका, स्किनवाल्यांना टॅटूतलं कळत नाही, हेही बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद काढला तर लाली जवळजवळ गेलेली. सूज नाही, आग नाही. मी खूश झाले. त्याच दिवशी स्टुडिओला पाच स्टार दिले, बहिणीलाही फोटो पाठवला. ३,२०० रुपये वसूल झाले असंच वाटलं. पुढचे दहा दिवस ज्यामुळे वाईट गेले, ते कारण नेमकं याच सुखात होतं. मला ते नंतर डॉक्टरांनी समजावलं.

टॅटूची शाई वरच्या कातडीखालच्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल जाते. म्हणजे सुईने हजारो वेळा टोचलेली ती जखमच असते. पहिले दोन-तीन दिवस ती लाल होणार, थोडी सुजणार, हाताला गरम लागणार, शाई मिसळलेलं पाणी तिच्यातून झिरपणार. शरीर आत दुरुस्ती करतंय म्हणून हे होतं. मग रोज थोडं कमी होत जातं, चौथ्या-पाचव्या दिवसापासून पातळ पापुद्रे सुटतात, खाज येते. वरची कातडी भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात, आतली पूर्ण बरी व्हायला काही महिने. ताजी जखम दुसऱ्याच दिवशी जुन्यासारखी दिसायला लागली तर मलमात असं काय आहे, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी खाज सहन होईना. आठव्या दिवशी वृंदावनाच्या कडेने बारीक पिवळट पुळ्या आल्या. फोटो पाठवला. उत्तर आलं, "नॉर्मल आहे ताई, शाई सेट होतेय. मलम वाढवा." मी वाढवलं. दहाव्या दिवशी रात्री ताप आला, हात ठणकायला लागला, लाली कोपराच्या दिशेने सरकली आणि काखेत गाठ लागली. सकाळी नवऱ्याने विचारत न बसता त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी हात पाहिला आणि पहिली गोष्ट विचारली, "काय लावत होता?" मी डबी पुढे केली. त्यांनी ती उलटी केली, झाकण पाहिलं, पुन्हा उलटी केली. "यात स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता आहे," म्हणाल्या. तीव्र स्टिरॉइड लाली आणि सूज दाबतं, पण त्याबरोबर त्या जागेची लढण्याची ताकदही दाबतं. वरून शांत, आत जंतूंना मोकळं रान. जखम भरणंही त्याने लांबतं. मग त्यांनी कागद हातात घेतला. तो ‘सेकंड स्किन’ नव्हताच. स्वयंपाकघरात कापलेल्या फळांवर लावतो तो क्लिंग रॅप होता. जखमेवर लावायची खरी फिल्म हवा आणि वाफ जाऊ देते, म्हणून ती काही दिवस ठेवता येते. क्लिंग रॅप घरी पोचेपर्यंत काही तास पुरे. दमट हवा, जाड मलम आणि वर प्लास्टिक, त्यात माझी जखम अक्षरशः शिजत होती.

पुवाचा नमुना तपासायला गेला, दहा दिवसांचं अँटिबायोटिक सुरू झालं, डबी बंद. कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, स्वच्छ कागदाने टिपणं, आणि हात उघडा. खपली नखाने काढायची नाही. पुढे कोरडं पडायला लागल्यावर साध्या पेट्रोलियम जेलीचा इतका पातळ थर, की वर चमक दिसते एवढाच. पूर्ण भरेपर्यंत पोहणं नाही, ऊन नाही, सनस्क्रीनसुद्धा नंतरच. एवढंच होतं सगळं. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं.

चौदाव्या दिवशी मी स्टुडिओत गेले. न कळवता गेले म्हणूनच दिसलं. काउंटरमागे मदतनीस मुलगी ट्यूब पिळून मलम एका भांड्यात काढत होती, त्यात पेट्रोलियम जेली मिसळत होती आणि तशाच पांढऱ्या डब्या भरत होती. रिकाम्या ट्यूबा शेजारच्या टोपलीत. मी एक उचलून वाचली: क्लोबेटॅसॉल (हेच ते तीव्र स्टिरॉइड), निओमायसिन (अँटिबायोटिक), मायकोनॅझोल (बुरशीवरचं औषध). छापील किंमत शंभरच्या आसपास. गजकर्ण, खाज, डाग यांवर लोक स्वतःच्या मनाने लावतात आणि कातडी पातळ करून घेतात, त्याच जातीचं मलम. २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. इथे तीच ट्यूब नाव पुसून, इम्पोर्टेड म्हणून, ताज्या जखमेवर लावायला विकली जात होती. त्या मुलीला मी काही बोलले नाही. तिला आत काय आहे हे ठाऊक असेल असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

मालक म्हणाला, तुम्ही खाजवलं असेल, पावसात भिजवलं असेल. वर २,५०० रुपयांत टच-अप करून देतो म्हणाला. गॅरंटीचं काय, विचारल्यावर म्हणाला, ती काळजी नीट घेणाऱ्यांसाठी असते. मी तिथे भांडले नाही, कारण माझा आवाज थरथरत होता. घरी येऊन जीपेचा स्क्रीनशॉट, ‘नॉर्मल आहे ताई’वाला मेसेज, रोजचे तारखेसकट फोटो, डॉक्टरांचे कागद असं सगळं एकत्र केलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि विनालेबल औषध विकल्याबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज दिला. तक्रार केल्याचं कळवल्यावर दोन दिवसांत ३,२०० रुपये परत आले, सोबत रिव्ह्यू आणि तक्रार काढून टाकण्याची विनंती. रिव्ह्यू मी बदलला, आणि त्यात सगळं लिहिलं. तक्रार मागे घेतलेली नाही. प्रशासनाकडच्या अर्जाचं उत्तर अजून यायचं आहे.

नंतर मैत्रिणीसोबत दुसऱ्या एका स्टुडिओत गेले होते. तिथे मलम विकतच नाहीत. एका कागदावर काय करायचं ते लिहून देतात, साबण-मॉइश्चरायझर तुमचं तुम्ही आणा म्हणतात, आणि खाली ठळक लिहिलंय: तिसऱ्या दिवसानंतर लाली वाढत गेली, पू दिसला किंवा ताप आला तर आम्हाला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा. मी तो कागद दोनदा वाचला. कुठल्याही स्टुडिओत खुर्चीत बसण्याआधी असा कागद मागून घ्या. मलम तेच देत असतील तर झाकणापासून तळापर्यंत वाचा, घटक विचारा, बिलात लिहायला लावा. बिलात लिहायला नकार दिला तर तिथूनच उठा.

माझी तुळस राहिली आहे. वृंदावनाची एक कड पुसट झाली आणि सातपैकी दोन ठिपक्यांच्या जागी पांढुरके वण आहेत. त्या जागी पुन्हा सुई लावायची घाई करू नका, वण पूर्ण मऊ होऊ द्या, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय.

डबीत अजून बोटभर मलम शिल्लक आहे. तपासणीला मागितलं तर द्यायचं म्हणून पिशवीत बांधून कपाटात ठेवलंय. झाकणावर मी कागद चिकटवलाय: स्टुडिओचं नाव, पत्ता, विकत घेतल्याची तारीख, दिलेली रक्कम.