दोन सेमिस्टर मूडल वापरल्यावर: सगळं झकास, पण ते २ एमबी!

परवा रात्री ११:५२ ला मूडलवर, म्हणजे असाइनमेंट ऑनलाइन जमा करायच्या कॉलेजच्या सॉफ्टवेअरवर, असाइनमेंट अपलोड करायला घेतली, तर म्हणे फाइल मोठी आहे. माझी २.३ एमबी, मर्यादा २. आठ पानं, फोनवर स्कॅन केलेली. सगळी ग्रेस्केल केली, दाबून दाबून १.९ वर आणली, तोवर १२:०४. 'चार मिनिटं उशीर', तेही लाल अक्षरात. झोप उडालीच आहे तर लिहूनच टाकतो.

मूडल २००२ पासूनचं, फुकट, ते माहीतच असेल. आमच्या कॉलेजात जुलैत आलं. त्याआधी सर फळ्यावर प्रश्न लिहायचे आणि सीआर (वर्ग प्रतिनिधी) फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. एकदा नेमकी पाचव्या प्रश्नावर ट्यूबलाइटची तिरीप आली. कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा की १०० चा, यावरून निम्मा वर्ग भांडला आणि उरलेल्याने त्या निम्म्याचं छापलं.

तरी पहिले दोन महिने मी मूडलच्या विरोधातच होतो. उत्तरं हातानेच लिहायची, वर स्कॅन करून पाठवायची. म्हणजे फुलस्केपचे पैसे माझे, डेटाही माझाच. मग कागदच घ्या ना सर!

दिवाळीत मत फिरलं. गावी होतो, सबमिशन मध्येच आलं. पूर्वी एसटीचं तिकीट काढावं लागलं असतं, नाहीतर रूममेटच्या हातापाया पडणं. या वेळी गच्चीवर रेंज शोधली आणि काम झालं. शिवाय सरांनी पीडीएफवरच 'इथे चिन्ह चुकलं' असं लाल रंगात लिहून परत पाठवलं. कागदी जर्नल ओरलपर्यंत कपाटातून बाहेर येत नसे, चूक कळायची कधी?

पण ते २ एमबी! खोदून पाहिलं. मूडल पीएचपी नावाच्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं आणि पीएचपीत अपलोडची मर्यादा मुळातच २ एमबी असते. कुणी हातच लावला नसावा. सेटिंगमधली एक ओळ बदलायची आहे हो, एक ओळ! नशीब, मूडलमध्ये मुदत वेगळी आणि फाटक बंद व्हायची वेळ वेगळी ठेवता येते. सरांनी फाटक दोन दिवस उघडं ठेवलं होतं, म्हणून माझी घेतली तरी गेली.

काल लॅबमध्ये विचारलं. म्हणाले, अर्ज द्या. दिला. हाताने लिहून, दोन प्रतींत.