एवे की योरुबा: 'म्हणाला'ला चिकटणारी सर्वनामं अभ्यासताना

दुसऱ्याचं बोलणं सांगताना येणारी सर्वनामं अभ्यासायची, तर पहिली भाषा कोणती? निवड बहुधा घाना-टोगोतली एवे आणि नायजेरिया-बेनिनमधली योरुबा यांच्यातच होते. वाचायला मजकूर हवा तर योरुबा कितीतरी पुढे आहे. क्राउथर यांचा शब्दसंग्रह 1843 चा, आणि आज बातम्याही रोज मिळतात. एवेसाठी वेस्टरमान यांचं 1907 चं जर्मन व्याकरण अजूनही उघडावं लागतं.

एवेत 'कोफी बे येजो' (ज 'जग'मधला) म्हणजे कोफी म्हणाला, आपण निघालो; निघालेला कोफी स्वतःच. 'कोफी बे एजो' म्हटलं की निघालेला माणूस दुसराच. 'ये' पुढच्या क्रियापदाला चिकटतं, 'म्हणणे'वालं 'बे' शाबूत राहतं.

योरुबात 'म्हणणे'साठी 'नी' येतं. 'ओ नी ओउन लॉ' म्हणजे तो म्हणाला, आपण गेलो. 'ओ नी ओ लॉ'मध्ये गेला तो दुसरा. 'ओउन' ठासून 'तोच' म्हणायलाही वापरतात, पण एकच 'आपण' अनेक कामांना जुंपणाऱ्या मराठी माणसाला त्याचं फारसं काही वाटू नये.

माझं घोडं अडलं ते सांध्यापाशी. 'नी'तला इ गळतो आणि पुढे अ-ओसारखा स्वर असला की न चा ल होतो. मग 'नी ओउन'चं 'लोउन' आणि अनेकवचनी 'नी आवॉन'चं 'लावॉन'. संगणकावर 'नी' शोधा, ही वाक्यं हाती लागतच नाहीत. त्यात 'नी' म्हणजे 'जवळ असणे' आणि 'मध्ये'सुद्धा, आणि 'आवॉन' हे नामाआधीचं अनेकवचनाचं चिन्हही. त्यामुळे 'लावॉन ईलू' म्हणजे 'गावांमध्ये', तर 'वॉन लावॉन लॉ' म्हणजे 'ते म्हणाले, आपण गेलो'. ओळखायचं पुढच्या शब्दावरून: नाम आलं तर बहुधा 'मध्ये' किंवा 'जवळ असणे', क्रियापद किंवा नकार आला तर बोलणं. 'लो' दिसलं तर तेही वेगळं काढा; ते बहुधा 'तोच तो' असा जोर देणाऱ्या 'नि'चं आणि 'ओ'चं जोडरूप असतं. स्वरचिन्हं, म्हणजे आवाजाचा चढउतार दाखवणाऱ्या खुणा, गाळून छापलेल्या मजकुरात ही चाळणी प्रत्येक ओळीला लावावी लागते.

सर्वनाम क्रियापदात कसं विरघळतं, हाच तुमचा विषय असेल तर योरुबाच घ्या, हे मोकळेपणानं सांगतो. पण 'कोण कुणाबद्दल बोलतंय' हे आधी पक्कं करायचं असेल, तर माझ्या मते एवेपासून सुरुवात बरी. तिथे 'बे' जागचं हलत नाही, आणि 'ये' आणि 'ए' यांतला फरक स्वरचिन्हांशिवायही डोळ्यांना दिसतो.