द्राक्षाच्या रसाची आम्लता काढायला फिनॉल्फ्थॅलिन का पीएच मीटर?

तासगावकडं घरची बाग आहे आणि बीएस्सीच्या प्रोजेक्टला तिच्याच द्राक्षाची आम्लता काढायचीय, तर फिनॉल्फ्थॅलिनसारखं रंग बदलणारं इंडिकेटर वापरू का पीएच मीटर हा प्रश्न पडणारच. माझं मत आधीच सांगतो, थॉमसन नाहीतर सोनाका असं हिरवं द्राक्ष असेल तर फिनॉल्फ्थॅलिन बास झालं, शरद सीडलेससारखं काळं द्राक्ष असेल तर मात्र मीटरच घ्या.

द्राक्षात मुख्य टार्टारिक आणि मॅलिक, दोन्ही वीक ॲसिड, आणि रसात थेंब थेंब घालायला ब्युरेटमध्ये (मापाच्या नळीत) कॉस्टिक सोडा म्हणजे स्ट्राँग बेस, त्यामुळं सगळं ॲसिड संपतं तेव्हा पीएच ७ वर नाही तर ८ च्या पुढं असतो. फिनॉल्फ्थॅलिन साधारण ८.२ ला गुलाबी व्हायला लागतं म्हणून ते जमतं. मिथाइल ऑरेंज रॅकवर शेजारीच असतं पण ते ३.१ ते ४.४ मध्येच बदलतं, तेव्हा टार्टारिकचा दुसरा प्रोटॉन जेमतेम अर्धा निघालेला असतो आणि रंगही हळूहळू सरकत जातो, ते सोडाच.

काळ्या द्राक्षाची अडचण अशी की सालीतला रंग स्वतःच इंडिकेटरसारखा वागतो, आम्लात लाल, सोडा पडत गेला की निळसर हिरवट, मग त्यात फिकट गुलाबी दिसणार कसा? तिथं मीटर ८.२ दाखवेल तिथं थांबायचं. पण मीटरचे नखरे पण आहेत, आधी ४, ७ आणि ९.२ च्या बफरला लावून घ्या, रस फडक्यातून नीट गाळा नाहीतर गर इलेक्ट्रोडला बसतो आणि आकडा स्थिरच होत नाही, आणि शेवटी शेवटी कॉस्टिक सोडा एका वेळी ०.१ मिलीच घाला. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायचा नसतो, पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा, हे कितीजण पाळतात देव जाणे.

किती सोडा घातल्यावर पीएच किती झाला या वक्रावरून पीकेए (ॲसिड किती स्ट्राँग ते सांगणारा आकडा) काढायचा असेल तर मीटरला पर्यायच नाही, पण त्याला रस नको, त्यात ॲसिडं मिसळलेली असतात. साधं ॲसिटिक घ्या, सगळं ॲसिड संपायला लागतो त्याच्या निम्मा सोडा पडला की पीएच म्हणजेच पीकेए ४.७६ च्या आसपास मिळतो.

काहीही निवडा, सोडा हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो, म्हणून नुसतं वजन करून त्याची तीव्रता ०.१ नॉर्मल लिहू नका, त्याच दिवशी ऑक्झॅलिक ॲसिडनं तपासून घ्या. मग १० मिली रसाला लागलेले ०.१ नॉर्मल सोड्याचे मिली गुणिले ०.७५ म्हणजे टार्टारिक धरून लिटरला ग्रॅम, ८ मिली लागले तर ६ ग्रॅम.