ईई पीसी १०००एच: नवी एसएसडी, वाढवलेली रॅम आणि जुना अ‍ॅटम

आसूसचे ईई पीसी १०००एच हे दहा इंची नेटबुक, म्हणजे लहान स्वस्त लॅपटॉप, २००८ साली बाजारात आले आणि मी ते आजही प्रवासात लेखनासाठी वापरतो. असे जुने यंत्र ज्यांच्या घरी पडून आहे, त्यांना त्यावर खर्च करावा की नाही हे ठरवता यावे, म्हणून मी त्यात एका वेळी एकच बदल केला आणि प्रत्येक बदलानंतर तीच कामे पुन्हा करून पाहिली: यंत्र सुरू करणे, लिब्रेऑफिसमध्ये मोठा मराठी मजकूर उघडणे, वर्तमानपत्राचे संकेतस्थळ वाचणे आणि व्हिडिओ पाहणे.

मूळ यंत्रात १ जीबी रॅम होती, कारण अशा स्वस्त संगणकांसाठी विंडोज एक्सपी देताना मायक्रोसॉफ्टने तेवढीच मर्यादा घातली होती. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांना जोडणारा चिपसेट मात्र २ जीबीपर्यंत रॅम चालवतो. तळाचे झाकण काढले की रॅम आणि हार्ड डिस्क दोन्ही हाताशी येतात, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण त्या काळातील काही नेटबुकांत रॅम बदलायची तर सगळे यंत्र सुटे करावे लागते. स्लॉट एकच असल्याने जुनी रॅम काढून तिच्या जागी २ जीबीची डीडीआर२ रॅम बसवली. तिने वेग वाढला असे म्हणता येणार नाही. पण ब्राउझरमध्ये तीन-चार टॅब उघडताच डिस्कची जी अखंड घरघर सुरू होत असे, ती थांबली.

खरा फरक एसएसडीने, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कने पडला. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कवर हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंतच सरासरी ५.६ मिलिसेकंद जातात, शिवाय ते टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ वेगळा. आणि संगणक सुरू होताना डिस्कभर विखुरलेल्या असंख्य लहान फायली वाचायच्या असल्याने हा उशीर साठत जातो. एसएसडीत तो जवळजवळ नाहीसा होतो. या यंत्राची साटा जोडणी (डिस्क जिला जोडतात ती) सेकंदाला १५० एमबीच्या पुढे जात नाही, म्हणून महागडी एसएसडी घेण्याची गरज नाही. साध्यातली साधी पुरते. एक खबरदारी मात्र घ्यावी: एक्सपीने पाडलेले जुने पार्टिशन (डिस्कचा आखून दिलेला भाग) जसेच्या तसे उतरवून घेऊ नये, कारण ते एसएसडीच्या रचनेशी जुळत नाही आणि लिहिण्याचा वेग घटतो. विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीच्या नव्या आवृत्तीकडून पार्टिशन नव्याने पाडून घेणे उत्तम.

एवढे करूनही वर्तमानपत्राचे पान उघडायला जो वेळ लागत होता, तो फारसा कमी झाला नाही. १.६ गिगाहर्ट्झचा अ‍ॅटम एन२७० हा एकाच कोअरचा प्रोसेसर आज्ञा आलेल्या क्रमानेच पार पाडतो. एखाद्या आज्ञेची माहिती मेमरीतून यायला उशीर झाला, तर तिच्या मागची तयार आज्ञा आधी उरकून घेण्याची सोय त्यात नाही, आणि आजची संकेतस्थळे नेमकी तिथेच त्याची दमछाक करतात. प्रोसेसरचा वेग बदलणाऱ्या आसूसच्या सुपर हायब्रिड इंजिनने, म्हणजे लिनक्समध्ये ‘सीपीयूएफव्ही’ या मांडणीतून, वेग किंचित वाढवता येतो. मला त्याचा उपयोग वेग उतरवून बॅटरी वाचवण्यासाठीच अधिक झाला. एच.२६४ या प्रचलित पद्धतीने दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडण्याची सोय ग्राफिक्समध्ये नसल्याने तो भारही प्रोसेसरवरच पडतो आणि एचडी चित्र अडखळतच राहते.

तुलनेसाठी २०१० चा अ‍ॅटम एन४५० असलेले एका स्नेह्याचे नेटबुक घेतले. त्याची बॅटरी जास्त टिकते, पण वेगातला फरक हाताला जाणवत नाही. याउलट २००८ सालचाच कोअर २ ड्युओ हा दोन कोअरचा प्रोसेसर असलेला थिंकपॅड एक्स२०० हा लॅपटॉप तीच पाने सहज उघडतो. तो थोडा मोठा आहे, पण जुना संगणक विकतच घ्यायचा असेल तर मी निःसंकोच तोच सुचवेन.

आणखी एक गोष्ट खरेदीआधी पाहावी. एन२७० फक्त ३२ बिटचा आहे, म्हणजे ६४ बिटसाठीच्या प्रणाली त्यावर चालत नाहीत; एन४५० ६४ बिटचा आहे. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स प्रणालीमधून ३२ बिट पीसीवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकण्यात आली आहे. माझ्या नेटबुकवर म्हणूनच डेबियन १२ आहे, आणि त्यावर आता केवळ लेखन होते. नेहमीच्या ९२ टक्के आकाराच्या कीबोर्डवर मराठी टंकताना अक्षर बोटांच्या मागे रेंगाळत नाही.